नववं वळण

चार दिवसांच्या सह्यकडा सायकल शर्यतीचा तिसरा दिवस होता. अणुस्कुरा घाटाचा चढ संपायला दीड किलोमीटर उरला होता आणि राजवीर एकटाच पुढे होता. तेवढ्यात कडेच्या गर्दीतून अर्धी भरलेली पाण्याची बाटली आली आणि त्याच्या डाव्या डोळ्याखाली बसली. तो पडला नाही. पण पाय पेडलवरून सुटून रस्त्याला टेकला, आणि पुन्हा लय सापडेपर्यंत मागून सम्राट आला आणि त्याच्याकडे न बघता पुढे निघून गेला.

दीपा मगदूमने हे वीस पावलांवरून पाहिलं. बाटली कुणी मारली ते तिला दिसलं नाही. समोरच्या कडेला सम्राटचे समर्थक उभे होते, निळ्या शर्टातले, आणि त्यांच्यातून उठलेलं हसू तेवढं ऐकू आलं. तिच्या बाजूचे पिवळे शर्टवाले, राजवीरची माणसं, काहीच बोलली नाहीत. कोल्हापूरची शंभरेक माणसं एकदम गप्प झालेली तिने आजवर कधी पाहिली नव्हती.

राजवीर उचगावचा, सम्राट शाहूवाडीचा. दोघेही पंचविशीच्या आतबाहेर. गेल्या वर्षी आंबा घाटात राजवीरची सायकल पंक्चर झाली तेव्हा सम्राट थांबला नाही, उलट जोर लावून पुढे गेला आणि शर्यत जिंकला. थांबायला हवं होतं, असं उचगावचं म्हणणं. शर्यत आहे, लग्नाची वरात नव्हे, असं शाहूवाडीचं. ते दोघे त्यानंतर एकमेकांशी नीट बोलायचे, सरावाला एकत्र जायचे, पण त्यांच्या मागची माणसं वर्षभर ते भांडण जपून होती. कोल्हापुरात तालमींच्या संघांच्या फुटबॉलवरून जसं पेठापेठांत हाडवैर चालतं, तसं आता सायकलीवरून चाललं होतं. रस्त्यावर चुन्याने नावं लिहायची, दुसऱ्याने ती डांबर ओतून पुसायची. यंदा तर फोन करून शिव्या देण्यापर्यंत मजल गेली होती.

दीपा चौतीस वर्षांची. शाळेत असताना तिने जिल्ह्यासाठी सायकल चालवली होती. आता एका ठेकेदाराकडे रस्त्यांच्या मोजणीचं काम करायची. बाप नेमिनाथ निवृत्त शिक्षक, आई नव्हती. उचगावात दोघंच राहायची. शर्यतीच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी राजवीरच्या समर्थकांच्या ग्रुपवर पाच-सात मिनिटं बोलून पाठवायची. आज कोण कुणाच्या मागे लपून चालला, वारा कुणी अंगावर घेतला, उद्या कुठल्या चढावर कुणाचा दम संपेल, हे सगळं. चारशे माणसं ते ऐकायची. चहाच्या टपरीवर तिचा आवाज मोठ्याने लावून ऐकत. बाईमाणूस एवढं कसं सांगते म्हणून पहिल्या वर्षी हसले होते; आता तिचं बोलणं आलं नाही तर फोन यायचे. हे तिला आवडायचं. फार आवडायचं, हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला धैर्यशील घरी आला. राजवीरच्या समर्थकांचा तो म्होरक्या. पंचेचाळिशीचा, उंच, मऊ आवाजाचा. गावाबाहेर त्याचा लेथचा कारखाना होता. राजवीरला पहिली चांगली सायकल त्यानेच घेऊन दिली होती, आणि कुणाच्या घरी आजारपण आलं तर त्याची गाडी दारात उभी असायची. त्याच्याबरोबर अमरसिंह होता, कारखान्यात कामाला असलेला. अमरसिंह सहसा बोलायचा नाही.

"ताई, उद्याचं सांगा," धैर्यशील खुर्चीत बसत म्हणाला. "अडतीस सेकंद मागं हाय आपला. भरून निगतील?"

दीपाने वही ओढली. उद्याचा शेवटचा टप्पा कोल्हापुरातून गगनबावड्याला जाणार होता. तिथून भुईबावडा घाटाने खाली कोकणात उतरायचं, आणि करूळ घाट चढून पुन्हा गगनबावड्यात यायचं. तिथेच शेवट.

"करूळच्या चढाला राजवीर त्याला पन्नास सेकंदानं मागं टाकतोय," ती म्हणाली. "पण त्याच्या आदी भुईबावड्याचा उतार हाय. उतारावर सम्राटसारखा कुणी न्हाय. तिथं त्यानं तीस सेकंद मिळवलं तर आपलं संपलं."

"कुठं मिळवतोय त्यो?"

तिने वहीत घाटाचा रस्ता काढला. दोन हंगाम तिने तो घाट मोजला होता. वळणांना तिने स्वतःच आकडे दिले होते. तिने नवव्या वळणाभोवती पेन्सिलीने गोल केला.

"हितं. खडकाच्या आडचं वळण. पुढं काय हाय ते पंधरा मीटरवर आल्याशिवाय दिसत न्हाय, आन् मधनंच आवळत जातंय. सगळी हितं ब्रेक लावत्यात. सम्राट लावत न्हाय. त्याला ठावं हाय कुठनं घालायची ते. म्हनून मी राजवीरला निरोप दिलाय, वरनंच त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहा, त्यो घालंल तशी घाल."

धैर्यशील वहीवर वाकला. "आन् त्यालाच ब्रेक लावाय लागला तर?"

"कशानं?"

"काय का असंना. समजा रस्ता वलसर असला."

"मग ब्रेक लावूनबी उपेग न्हाय. सरळ कठड्यावर. आन् कठडा गेल्या पावसात ढासळलाय तिथला. दगडं मांडून ठेवल्यात नुसती." ती हसली. "तसं झालं तर मग शर्यत आपलीच की."

हे ती चेष्टेत म्हणाली. धैर्यशील हसला नाही. त्याने खिशातून फोन काढून वहीच्या पानाचा फोटो घेतला, चहा संपवला आणि उठला. जाताना नेमिनाथांच्या पाया पडला. अमरसिंह दारात चपला घालत असताना दीपाला दिसलं, की तो अजून त्या वहीकडेच बघत होता.

सकाळी पावणेसातला समर्थकांच्या गाड्या चौकातून निघणार होत्या. दीपा पिवळा शर्ट घालून वडिलांबरोबर त्यांची जुनी व्हॅन घेऊन गेली. सगळे आले होते, धैर्यशीलच नव्हता. पुढची गाडी नेहमी त्याची असायची. त्याचं घर तिथंच वळणावर होतं. दीपाने दारात जाऊन विचारलं तर त्याची बायको निशिगंधा झाडत होती.

"ते पाचलाच गेलं की. तुमास्नी सांगितलं न्हाय?"

"एवढ्या लवकर?"

"अमरसिंह आलता. कारखान्यातलं जुनं ऑइल गाडीत टाकलं आन् गेली दोगं." निशिगंधा झाडू थांबवून म्हणाली, "मी इचारलं कशाला, तर सायकलींच्या साखळ्यांला म्हनलं. वीस लिटरचा कॅन, आन् साखळ्यांला. मला काय कळतंय त्यातलं."

दीपा तिथून चालत व्हॅनपर्यंत आली. तिला काही सुचलं असं नाही. उलट डोक्यातलं सगळं थांबल्यासारखं झालं. ती गाडीत बसली आणि म्हणाली, "आप्पा, चला. बाकीच्यांची वाट नको बघायला."

कळे गाव ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला एक मोठा बॅनर दिसला. सम्राटचा फोटो, त्याला छापलेला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली 'समस्त उचगावकर'. दोन पोरं त्यापुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. अशी चेष्टा कोल्हापूरला नवी नव्हती. फुटबॉलच्या सामन्याआधी प्रतिस्पर्ध्यांच्या नावाने असले बॅनर लागतात. पण आज दीपाला तो बघवला नाही. तिने मागे बघितलं नाही.

मग तिने वडिलांना सगळं सांगितलं. वही, धैर्यशीलने विचारलेला प्रश्न, कॅन. नेमिनाथ गाडी चालवत ऐकत होते.

"तुला खात्री हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग फोन लाव."

धैर्यशीलचा फोन लागत नव्हता. घाटात रेंज नसते. अमरसिंहचाही नाही. मग तिने संयोजकांच्या कार्यालयाला लावला. तिसऱ्यांदा एका माणसाने उचलला. मागे लाऊडस्पीकर चालू होता. स्पर्धक कोल्हापुरातून सुटले होते.

"भुईबावड्याच्या उतारावर ऑइल पडलं असंल," दीपा म्हणाली. "नवव्या वळणावर. कुणीतरी बघून घ्या."

"कोन टाकनार ऑइल?" त्या माणसाने विचारलं.

तिने तोंड उघडलं. धैर्यशीलचं नाव जिभेवर होतं. खात्री नव्हती, हे खरं होतं. पण ती थांबली ती त्यामुळे नाही. वहीच्या पानाचा तो फोटो आणि तिच्या अक्षरातले आकडे तिच्या डोळ्यापुढे आले म्हणून ती थांबली.

"म्हाईत न्हाय," ती म्हणाली.

"काळजी करू नका ताई. समद्या अवघड वळनांवर आमची मानसं हायत. नवव्यावरबी हाय स्वयंसेवक. अमरसिंह म्हनून. उचगावचाच हाय की, तुमच्यातलाच." फोन बंद झाला.

दीपाने पुन्हा लावला तेव्हा तो लागला नाही. साळवण गेलं आणि रेंजही गेली. नेमिनाथांनी वेग वाढवला, आणि आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली: समोरून एसटी येत असताना ट्रकला ओव्हरटेक केलं.

गगनबावड्याला ते सव्वाआठला पोचले. जानेवारीचं धुकं अजून उठलं नव्हतं. बाजारातल्या दुकानांचे दिवे धुक्यात पिवळे दिसत होते. भुईबावडा घाटाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकला होता आणि तिथे एक हवालदार उभा होता.

"गाडी बाजूला घ्या पावणं. रस्ता बंद झालाय. पंधरा-वीस मिनटात येत्यात सायकली."

नेमिनाथ खाली उतरून त्याला सांगू लागले. हवालदार ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर रोज असली शंभर गाऱ्हाणी ऐकणाऱ्या माणसाचा शीण होता. साहेब खाली गेलेत, वायरलेस घाटात चालत नाही, लेखी काही आहे का. दीपाने वडिलांच्या खांद्याला हात लावला.

"तुमी हितंच बोलत राहा. त्यांच्या साहेबाला गाठा. मी जाते."

ती बांबूखालून वाकून गेली. हवालदार मागून हाक मारत होता. ती पळत सुटली.

नववं वळण तिथून दोन किलोमीटरच्या थोडं पुढे होतं. उताराला पळणं सोपं वाटतं; पहिल्या पाचशे मीटरमध्येच तिला वेग आवरेना. एका बाजूला काळा ओला कातळ, दुसऱ्या बाजूला धुक्याने भरलेली दरी. झाडावर बसलेली माकडं तिला बघून आवाज न करता वर सरकली. वाटेत दोन वळणांवर स्वयंसेवक होते. तिने पळता पळता त्यांना ओरडून सांगितलं, थांबवा, पुढं ऑइल हाय. पिवळ्या शर्टातली बाई शर्यतीच्या आधी पळत जाते आहे हे बघून एकाने हात वर करून प्रोत्साहन दिलं. दुसऱ्याने मोबाईल काढला.

अमरसिंह खडकाला टेकून उभा होता. अंगात स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा. रस्ता कोरडा होता. दीपाला एक क्षण वाटलं, आपण उगाच पळत आलो. मग तिला खडकाच्या आडोशाला ठेवलेला काळा कॅन दिसला. त्याचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं.

"अमरसिंह," ती धापा टाकत म्हणाली, "हे करू नका."

तो दचकला नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. बहुतेक पहाटेपासून तसाच असावा. "दादांनी सांगितलंय. शर्यतीच्या म्होरं चालनारी पायलटची जीप गेली की वतायचं. त्यो घसरंल, खरचटंल, दोन-चार मिनटं जातील. एवडंच."

"कुठाय दादा?"

"खाली गावात. सरपंचाच्या घरी नाष्ट्याला. चार मानसांनी बगितलं पायजे म्हनलं."

"आन् तुमाला हितं ठेवलं." दीपा कठड्याकडे गेली. कठडा असा नव्हताच. दगड रचून ठेवलेले, त्यापलीकडे धुकं. तिने पायाने एक दगड ढकलला. तो गेला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग खूप खालून आवाज आला. "खरचटंल म्हनताय? आन् राजवीर त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येनार हाय. मीच सांगितलंय त्याला. दोगंबी जातील."

अमरसिंह तिच्याकडे बघत राहिला. "राजवीर मागं असनार? हे दादा बोललं न्हाईत."

"त्यांच्यासमोरच सांगितलं मी. तुमीबी व्हता."

त्याने आठवायचा प्रयत्न केला असावा. वरून हॉर्न ऐकू आला. पायलटची जीप दिवे लावून वळणावर आली. अमरसिंहने सवयीने सलाम केला, जीपमधल्या माणसाने हात केला आणि जीप खाली धुक्यात गेली. दीपाने जीपला हाक मारली, पण ती गेली होती.

"द्या तो कॅन," ती म्हणाली आणि वाकून तिने मूठ धरली.

"थांबा, मी ठेवतो आत. कुणी बगितलं तर मी मरंन." त्यानेही मूठ धरली. त्याला कॅन लपवायचा होता, तिला तो दरीत फेकायचा होता. दोघांनी ओढला. कुणाच्या हातून सुटला हे पुढे दोघांनाही नक्की सांगता आलं नाही. कॅन आडवा पडला, उताराच्या दिशेने गडगडत दगडांवरून दरीत गेला, आणि त्यातलं काळं, जाड ऑइल वळणाच्या ऐन मधोमध पसरलं. काहीही घाई नसल्यासारखं ते पसरत कठड्यापर्यंत गेलं.

अमरसिंह खाली बसला. दीपाने त्याच्या हातातला झेंडा हिसकला आणि वर पळाली. साठ-सत्तर पावलं गेली असेल. धुक्यातून चाकांचा आवाज आला, कापड फाडल्यासारखा.

सम्राट पुढे होता. तिने रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही हातांनी झेंडा हलवला, थांबा म्हणून ओरडली. त्याने तिला बघितलं. त्याची नजर तिच्या तोंडावर नव्हती, तिच्या शर्टावर होती. तिने ते स्पष्ट पाहिलं. पिवळा शर्ट, त्यावर राजवीरचं नाव. काल ज्यांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या त्यांच्यापैकीच एक बाई, झेंडा घेऊन, नेमकी त्या वळणाच्या आधी, जिथे तो सगळ्यांपेक्षा वेगात जातो. त्याने मान खाली घातली, सायकल तिच्या डाव्या बाजूने काढली आणि पेडलला आणखी एक जोर दिला.

राजवीर दहा-बारा मीटर मागे होता. तो दीपाला ओळखत होता. लहानपणी तिच्याच जुन्या सायकलवर तो शिकला होता. त्याने तिचं तोंड बघितलं आणि दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवी होत कातळाला घासत थांबली.

खालून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता. धातूचा होता, आणि मग दगडांचा.

सम्राट दरीत गेला नाही. सायकल गेली. तो कठड्याच्या रचलेल्या दगडांवर आदळला, दगड सुटले, आणि तो कमरेपर्यंत कड्याबाहेर लोंबकळत राहिला. राजवीर ऑइलमधून सरपटत त्याच्यापर्यंत गेला आणि त्याने दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरला. अमरसिंहने राजवीरचे पाय धरले. दीपा वरच्या बाजूला झेंडा घेऊन उभी राहिली आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवत राहिली. आता सगळे थांबत होते. तिच्यामागे चाळीस सायकली उभ्या होत्या. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली.

टप्पा रद्द झाला. शर्यतही निकालाशिवाय संपवली गेली. सम्राटच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, उजवी मांडी मोडली होती. कोल्हापूरच्या एका इस्पितळात दुपारी त्याला ऑपरेशनला घेतलं.

त्याच संध्याकाळी सातला धैर्यशील दीपाच्या घरी आला. या वेळी एकटा. तो त्याच खुर्चीत बसला. चहा नको म्हणाला. दीपाच्या नखांत अजून ऑइल होतं. तीनदा धुऊनही जात नव्हतं.

"पोलीस इचारत्यात," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ होता. "मी सांगितलं, घाटातनं ट्रक जात्यात, कुनाचंतरी ऑइल गळलं असंल. अमरसिंहबी तसंच म्हनतोय. तो कॅन कुनाला सापडलेला न्हाय. दरीत हाय त्यो."

दीपा नखातलं ऑइल खरवडत राहिली.

"तूबी तसंच म्हन." काल संध्याकाळपर्यंत तो तिला ताई, तुमी म्हणत होता. "तू पळत गेलीस ते समद्यांनी बगितलंय. ऑइल पडायच्या आदी तू संयोजकांना फोन केलास, ऑइल पडलंय म्हनून. त्यो फोन नोंदलेला हाय. तुझ्या कापडावर ऑइल हाय. आन् चित्र तुझं हाय, अक्षर तुझं हाय. मी काय म्हनतोय ते तुला कळतंय. हुशार हैस तू."

नेमिनाथ आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे होते. धैर्यशील उठला. आज तो पाया पडला नाही. दारात थांबून म्हणाला, "गाव आपलं हाय, दीपा. ह्या गावात राहायचं हाय आपल्याला समद्यांला."

तो गेल्यावर बाप-लेक बराच वेळ बसून राहिले. बाहेर चौकात पिवळ्या शर्टातली माणसं घोळक्याने उभी होती. ती या घराकडे बघत होती की नाही ते सांगता येत नव्हतं. ग्रुपवर दिवसभर एकही संदेश आला नव्हता. चारशे माणसं आणि कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तो म्हनतोय ते खोटं न्हाय," दीपा शेवटी म्हणाली. "चित्र माझंच हाय. आन् फोनवर नाव इचारलं तवा मी सांगितलं असतं तर रस्ता तपासला असता त्यांनी."

"व्हय," नेमिनाथ म्हणाले. त्यांनी तिची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं?"

सकाळी ती दोघं गगनबावड्याच्या पोलीस ठाण्यात गेली. दीपाने सगळं सांगितलं, फोनवर गप्प राहिलेलंही. लिहून घेणाऱ्या फौजदाराने मध्येच पेन खाली ठेवून विचारलं, "बाई, ह्यात तुमचंबी नाव येनार, कळतंय न्हवं?" ती हो म्हणाली. दुपारपर्यंत दोराला लटकून दोन माणसं दरीत उतरली आणि कॅन वर आला. अमरसिंहला तो दाखवल्यावर त्याने अर्ध्या तासात सगळं कबूल केलं. रडला, आणि निशिगंधावहिनींना काही सांगू नका म्हणाला. धैर्यशीलला चौथ्या दिवशी अटक झाली. दीपाला अटक झाली नाही, पण पुढचे तीन महिने तिला दर आठवड्याला ठाण्यात जाऊन हजेरी द्यावी लागली, आणि ठेकेदाराने काम काढून घेतलं. टपरीवर तिला चहा मिळायचा. तिच्याशी बोलायचं मात्र कुणी नाही. एका सकाळी व्हॅनची चारही चाकं चिरलेली होती.

सम्राटला भेटायला ती पंधरा दिवसांनी गेली. त्याच्या कॉटजवळ त्याची आई शालूबाई बसली होती, शाहूवाडीकडच्या डोंगरातली भातशेती करणारी बाई, हाताच्या भेगांत माती मुरलेली. दीपाने स्वतःचं नाव सांगितलं. शालूबाईने तिला बसायला स्टूल दिलं नाही, पण उभी राहू दिली.

सम्राट छताकडे बघत होता. "तुमी खरंच थांबवत व्हतासा मला?" त्याने विचारलं.

"व्हय."

"मला वाटलं डाव हाय. शर्ट बगितला मी." तो पुढे म्हणाला, "वरच्या वळणावर निळा शर्ट घालून कुनी उभं असतं तर थांबलो असतो."

"ते वळण मीच दाखवलं त्यांना," दीपा म्हणाली. "तुमी कुठनं घालता, किती वेगात घालता, कठडा कुठं पडलाय. वहीत काढून दिलं. मला वाटलं शर्यतीचं इचारत्यात."

सम्राटने मान वळवली नाही. राजवीर रोज येतो, एवढंच तो म्हणाला; कालही येऊन गेला, सायकल विकतोय म्हणाला. डॉक्टर म्हणतात वर्षभराने चालता येईल. सायकलबद्दल ते काही बोलत नाहीत.

शालूबाई इतका वेळ ऐकत होती. ती आता उठली आणि तिने पोराच्या अंगावरची चादर सरळ केली.

"बाई," ती दीपाला म्हणाली, "तू सांगितलंस, बरं केलंस. न सांगून चालत न्हवतं. पर आता जा, आन् परत येऊ नगंस. तुला बगितलं की त्याचं जेवान ऱ्हातंय."

दीपाने मान हलवली. ती बाहेर आली, जिन्याच्या पायऱ्यांवर काही वेळ बसली. दोन नर्स बोलत तिच्या बाजूने खाली गेल्या. मग ती उठून आवारात आली, जिथे नेमिनाथ व्हॅनमध्ये तिची वाट बघत होते. त्यांनी गाडी सुरू केली, आणि दोघं उचगावला परत निघाली.